रिकाम्या जागा भरा

जांबोटीच्या शाळेत इंग्रजीला मी एकटीच.
म्हणून चौथ्या तासाला दोन्ही माध्यमं एका खोलीत,
खिडकीकडं मराठी, दाराकडं कन्नड,
मधे एकच फळा, खालच्या कोपऱ्यात पोपडे आलेला.

चार शब्द लिहिले.
हातातला खडू : धिस.
कपाटावरचा पृथ्वीचा गोल : दॅट.
माझ्या पायातल्या चपला : धीज.
दाराबाहेर पोरांनी काढून ठेवलेले चाळीस जोड : दोज.

कन्नडची पोरं पटकन उठली.
इदु, अदु, इवु, अवु.
त्यांच्या घरी हे चार डबे आधीपासून होतेच,
नुसती झाकणं बदलायची.

आमची अडली.
"बाई, धिस म्हणजे हा, का ही, का हे?"
तिन्ही.
"बैल पण? वही पण? लेकरू पण?"
सगळं. ती एवढंच विचारते,
एक आहे का जास्त,
जवळ आहे का लांब.
बाई का बाप्या, तिला पडलेलं नाही.
भरमा अष्टेकर खुदकन हसला.
मुली हसल्या नाहीत. त्या रोजच
‘मी आलो, मी जेवलो’ म्हणत वर्गात शिरतात,
त्यांना कसलं नवल.

मग चुका.
‘धिस आर माय आंबे.’
‘धीज आर माय आजोबा.’
(एकाच आजोबांना अनेकवचन. आदरानं घातलेलं.
खोडताना हात जरा थांबला, पण खोडलं.)
हेही सांगितलं, की शब्द एकटा उभा असेल
तर तो नावाच्या जागी उभा आहे, सर्वनाम.
पुढं नाव येऊन बसलं
की तो नुसता बोट दाखवणारा.
किती जणांना कळलं, माहीत नाही. घंटा झाली.

सहामाहीचा पेपर बाहेरून छापून आला,
सोबत उत्तरसूची.
प्रश्न तिसरा, रिकाम्या जागा भरा :
‘...... इज माय व्हिलेज.’
सूचीत, धिस.
रोहिणी सातेरी गावडा हिनं लिहिलं, दॅट.

बोलावलं. लाल पेनाचं टोपण काढलेलंच होतं.
"गाव कुणाचं?"
"आमचंच की."
"मग जवळचं का लांबचं?"
ती खिडकीशी गेली, हात सरळ केला,
झाडांच्या वर, ढगाच्या थोडं खाली.
"हितनं दिसत नाही बाई. दोन वढं लागतात,
मग फॉरेस्टचं गेट, मग चढ.
पेपर हितं बसून लिवला नव्हं?"

मुंबईहून कुणी बोलतं तेव्हा म्हणतं, ‘तो भाग’.
बेंगळूरहून बोलतं तेव्हा म्हणतं, ‘आ भाग’.
व्याकरण दोघांचंही बिनचूक,
दोघं बसलेत तिथून तेवढंच दिसतं.
आणि मी तरी? निपाणीहून बदलीचा कागद आला
त्या रात्री भावाला म्हटलं होतं,
"त्या रानात कुठं जाऊ?"
सहा वर्षं झाली. अजून बसमधून उतरताना
तोंडात आधी ‘तिकडं’च येतं.

एक मार्क दिला.
शेजारी बारीक अक्षरात लिहिलं,
‘बसल्या जागेवरून बरोबर.’
वरचे तपासतील तर कापतील.

रोहिणीनं मार्क दोनदा मोजले,
पेपर चौघडी करून दप्तरात सारला
आणि दाराबाहेर चपला शोधायला वाकली.
एका जोडात पाय घातला, काढला.
"ह्या नव्हंत. त्या."
पलीकडच्या ओढल्या, अंगठ्यात पट्टा बसवला,
खाली बघत स्वतःशीच म्हणाली,
"ह्या."